येवला-ममदापूर एका दिवसात: आधी हरणं, मग पैठणी

गोदाकाठी

मेव्हणीचं लग्न ठरलं आणि घरात पैठणीचा विषय निघाला. नाशकात दुकानं कमी नाहीत, पण सासूबाईंचं म्हणणं, घ्यायची तर येवल्याहूनच. मी लगेच हो म्हटलं. बायकोला तिथेच शंका आली, कारण साडीखरेदीला मी इतक्या पटकन कधीच तयार होत नाही. माझा डोळा येवल्याजवळच्या ममदापूरच्या काळविटांवर होता.

ही आमची दुसरी चक्कर. डिसेंबरातली पहिली पार वाया गेली, आणि धागा काढायचं कारण तेच. बहुतेक लोक आमच्यासारखंच करत असणार: साडेआठला पोहे खाऊन निघायचं, अकराला येवल्यात, साड्या बघता बघता साडेबारा, मग 'आलोच आहोत तर हरणंही बघू' म्हणत दीडला माळावर. त्या वेळी माळावर ऊन, धूळ आणि आपण. हरणं असतात, पण बाभळीच्या सावलीला बसलेली. तपकिरी मातीवर तपकिरी पाठ, दगड कुठला आणि हरीण कुठलं कळत नाही. आमच्या चिरंजीवांनी (वय ९) चार दगडांना काळवीट म्हणून जाहीर केलं आणि मागच्या सीटवर झोपले.

म्हणून या वेळी उलटं केलं. पहाटे साडेचारला नाशकातला द्वारका चौक सोडला. निफाडचा पारा दर थंडीत पेपरात का येतो, ते काच दोन बोटं खाली केल्यावर कळलं. (तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. बागाईतदार तो बघून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात.) येवल्यात विंचूर चौफुलीवर चहाला थांबलो. तिथे दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला हात शेकत उभा होता. कुठे निघालात विचारलं, सांगितलं. तो म्हणाला, "गाडी रस्त्यावरच ठेवा आन् दार उघडू नका. ट्रॅक्टरला भीत नाही, मोटारसायकलला भीत नाही. माणूस पायउतार झाला की गेलं."

नांदगाव रस्त्याने राजापूरकडे लागलो. पालखेडच्या कालव्याचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि जमीन एकदम बोडकी होत जाते. मुरमाड उतार, मधेच एखादी टेकडी, कुठे कांदा, कुठे हरभरा. उजाडता उजाडता एका हरभऱ्याच्या कडेने रंगीत कापडांची रांग दिसली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पहाटे धुणं कोणी वाळत घातलंय?" जवळ गेल्यावर कळलं, जुन्या साड्या. खुंट्या ठोकून, साडीला साडी बांधून पूर्ण वावराला कुंपण केलं होतं. एक जांभळी, एक फुलाफुलांची, एक तर चक्क शाळेच्या बाईंसारखी इस्त्रीची घडी अजून दिसणारी.

आणि त्या साड्यांच्या आतल्या बाजूला अकरा माद्या. म्हणजे कुंपणाचा उपयोग किती ते समजा.

नर बाहेर होता, थोडा वर, उंचवट्यावर. मी फोटोत पाहिलेला काळवीट आणि हा, यात फरक पडला तो चालण्याचा. मान मागे टाकलेली, नाक वर, शिंगं जवळजवळ पाठीला टेकलेली, आणि पावलं मोजून टाकल्यासारखी. एका मादीभोवती अर्धा फेरा मारायचा, थांबायचा, परत. अंगावरचा काळा रंग पोटापाशी येऊन रेघ मारल्यासारखा संपतो आणि खाली पांढराशुभ्र. डोळ्याभोवती पांढरं कडं. दुर्बीण सासूबाईंकडे दिली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चंद्रकळेला पांढरा काठ लावलाय." त्यांना साडीच दिसणार.

वीस-पंचवीस मिनिटं मिळाली असतील. मग मागून एक पांढरी मोठी गाडी आली, रस्ता सोडून सरळ माळात घुसली. टपाच्या खिडकीतून दोन पोरं मोबाईल घेऊन बाहेर. कळप उठला. आधी एक मादी जागच्या जागी उंच उडाली, चारही पाय एकदम, मग दुसरी, मग सगळ्या. पळताना साड्यांवरून उड्या मारल्या. एकीचा मागचा पाय जांभळ्या साडीत अडकला. ती पडली, उठली, पाच-सहा झटके दिले, साडी खुंटीसकट उपटली आणि ती तशीच फरफटवत पळाली. पन्नास पावलांवर साडी सुटली. गाडीतली पोरं हसत होती. माझा मुलगा तेव्हापासून येवल्यात पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

साडेदहाला बाजारात. साडी झाली. त्याचं बायको लिहील म्हणते, लिहिलं तर. डिसेंबरात मात्र एका दुकानात 'हातमागाची' म्हणून घेतलेली एक साडी घरी आल्यावर यंत्रमागाची निघाली होती. तो राग या वेळी सगळ्या दुकानदारांवर निघाला. विचारून विचारून जीव खाल्ला त्यांचा.

प्रश्न असतील तर विचारा.

उगाच_एक

फोटो कुठेत?

सिडकोवाली

मस्त लिहिलंय. 'चंद्रकळेला पांढरा काठ' अगदी आवडलं. आम्हीही जायचं म्हणतोय, दोन लहान मुलं आणि सासरे. गाडी नसेल तर जमेल का? आणि हरणं नक्की दिसतात का? मुलांना सांगून ठेवलं आणि दिसली नाहीत तर मला ऐकून घ्यावं लागेल.

गोदाकाठी

फोटो आहेत, पण सगळ्यांत पुढच्या सीटचं डोकं आलंय.

ताई, येवल्यापर्यंत एसटी भरपूर. रेल्वेने यायचं तर मनमाड-दौंड मार्गावर येवला स्टेशन आहे. पण पुढे माळावर सकाळी सातला पोचायचं तर स्वतःची गाडी हवी, नाहीतर आदल्या रात्री येवल्यात मुक्काम करून रिक्षा ठरवा. नक्की दिसतात असं मी कशाला सांगू, पण सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर गेलात तर चिक्कार संधी आहे. वाघासारखं नाही, उघड्यावरचं जनावर आहे.

कडवा_चहा

गोदाकाठी नाव लावता आणि येता-जाता नांदूर मध्यमेश्वरला थांबला नाहीत? निफाडहून वीसेक मिनिटांवर! निषेध.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाटबंधाऱ्याचं नुकसान ते पक्ष्यांचं घर झालं. १९८६ साली अभयारण्य, १०० चौरस किलोमीटरच्या आसपास. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. म्हणजे माणसाची चूकही कधी कामी येते, पण हे पाटबंधारेवाल्यांना ऐकवू नका.

तुमच्या वेळापत्रकात ते सहज बसतं. सकाळी माळ, दुपारी बाजार आणि जेवण, परतताना साडेतीन-चारला चापडगाव किंवा खाणगाव थडीचा मनोरा. ऊन पाठीवर राहील अशी बाजू निवडा, समोर सूर्य असेल तर सगळे पक्षी काळेच दिसतात. मुलांना नावांवरून लावा, मी माझ्या पुतणीला तसंच लावलं. काळा, कपाळाला पांढरा टिळा, पाण्यावर दिंडीसारखे शेकड्याने चालणारे ते वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, ते हळदी-कुंकू. चोच फावड्यासारखी, तो थापट्या. शेपटी सुईसारखी निघालेली, तलवार बदक. चमचा तर सांगायलाच नको, चोचीकडे बघून पोरं स्वतःच नाव ठेवतात. पुतणीला हळदी-कुंकू पहिल्याच फटक्यात ओळखता आलं आणि मग दुर्बीण मला परत मिळाली नाही.

एक गंमत बघायची असेल तर पाण्यावर दलदल ससाण्याची सावली पडायची वाट बघा. वारकऱ्यांचा सगळा फड एकदम गोळा होतो. मोकळा असलेला थवा दहा सेकंदात घोंगडीएवढा होतो.

राजापूरकर

मी ज्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंय तिथलाच. वाचून बरं वाटलं आणि वाईटही. त्या साड्या कुणाच्या ते मला माहीत आहे, माझ्या नाहीत, पण माझ्या वावरालाही तशाच आहेत.

हरणांचा आम्हाला राग नाही, हे आधी सांगतो. आमच्या आज्याच्या काळापासून ती आहेत. शिकार इथे कुणी करत नाही आणि बाहेरचा करायला आला तर गाव गोळा होतं. २०१४ ला संवर्धन राखीव झालं, चोपन्न चौरस किलोमीटर, त्यात राजापूर, ममदापूर आणि आजूबाजूची गावं. चांगलं झालं. पण हरणाला नकाशा वाचता येत नाही. राखीवाचं गवत मार्चपर्यंत संपतं आणि आमचा हरभरा डिसेंबरात कोवळा असतो.

कसं खातं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की कळप आला म्हणजे वावर साफ. तसं नाही. चालत चालत खातं. मका दोन पानांवर आला की शेंडा खुडून पुढं, दुसरा खुडून पुढं. एका रात्रीत एकरभर शेंडे जातात आणि सकाळी वावर बघितलं तर कुणी तरी नीट कात्रीनं छाटल्यासारखं. मका पुन्हा फुटतो, पण कणीस धरत नाही. नुकसानभरपाई आहे, पंचनामा होतो. पण पंचनामा करायला माणूस येईस्तोवर आठ दिवस जातात, आणि उगवणीचं खाल्लं असेल तर वावरात दाखवायला काहीच नसतं. मोकळी जमीन दाखवून इथे मका होता म्हणायचं. त्याला पुरावा काय देणार?

म्हणून राखण. थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर. म्हातारा डबा वाजवायचा, आता पोरं मोबाईलवर कुत्र्याचं भुंकणं लावून स्पीकर ठेवतात. चार दिवस चालतं, मग हरणं स्पीकरशेजारी बसतात.

तुम्ही लिहिलं मोटारसायकलला भीत नाहीत. खरं आहे, आमच्याच मोटारसायकलला भीत नाहीत. ती पांढरी गाडी आली त्या दिवशी तो कळप सरळ पलीकडच्या गव्हात गेला असणार, पळताना तुडवलेला गहू वेगळाच. हरणामागं लागणाऱ्याला वाटतं आपण जंगलात आहोत. तो कुणाच्या तरी वावराच्या वरच्या अंगाला असतो.

कडवा_चहा

राजापूरकर दादा, मनापासून धन्यवाद. मी इतकी वर्षं त्या बाजूला धाविक आणि चंडोल हे माळावरचे पक्षी शोधत फिरलोय, पण हा कणसाचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

धोटा

आमच्या घरात दोन माग आहेत, येवल्यातच. डिसेंबरात फसलात त्याबद्दल वाईट वाटलं. पुढच्यांसाठी थोडं लिहितो.

पदर हातात घेतला की आधी उलटा करा. हातमागावर पदराचं प्रत्येक रंगाचं रेशीम वेगवेगळ्या छोट्या कांडीवर असतं. मोराच्या गळ्यापाशी निळा आला की निळ्याची कांडी तेवढ्यापुरती घालायची, शेजारच्या हिरव्यात अडकवायची, परत फिरवायची. त्यामुळे मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावर धागा आडवा सगळीकडे जातो, नको तिथला मागे लोंबतो, मग तो कापतात. मागे कापलेले धागे, जाळी किंवा अस्तर दिसलं तर ती 'सेमी'. सेमी घेणं गुन्हा नाही, स्वस्त पडते, माझ्या बहिणीकडेही आहे. फक्त सेमीचेच पैसे द्या.

किमतीवर लोक घासाघीस करतात, करावी. पण एक करा, माग बघायला या आणि अर्धा तास बसा. बाबा सकाळी बसले की दुपारपर्यंत पदर चार बोटंही पुढे सरकत नाही, मुनियांची (पोपटांच्या नक्षीची) रांग असेल तर अजून हळू. साध्या पदराला महिना, भरगच्च पदराला सहा-आठ महिने. डोळे जातात आधी, मग गुडघे. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० ला मिळालं, पण ते हातमागाला आहे. दुकानाच्या पाटीला नाही.

सासूबाईंना सांगा, चंद्रकळा आम्हीही विणतो. तुमचा काळवीट बघून पांढऱ्या काठाची कुणी मागितली तर पहिल्यांदाच असेल.

पारावरचा

सगळे हरणं आणि साड्या बघून परत येतात, गाव कुणी बघत नाही. येवला हे तात्या टोपे यांचं जन्मगाव. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यातच, परिषदेत. हिंदू म्हणून मरणार नाही हे त्यांनी तिथे सांगितलं आणि दीक्षा झाली १९५६ ला नागपुरात. मधे एकवीस वर्षं. त्या घोषणेच्या जागी, म्हणजे मुक्तिभूमीला, आमच्या वडिलांचं बोट धरून गेलो होतो, तेव्हा तिथे फारसं काही बांधलेलं नव्हतं, आता स्मारक आहे. खरेदीच्या पिशव्या गाडीत ठेवून अर्धा तास तिथे जा, एवढंच.

आणि संक्रांतीचे तीन दिवस जाणार असाल तर हरणांचं विसरा. अख्खं गाव गच्चीवर असतं, हलकडी वाजते, जिकडे तिकडे आसारी. तुम्ही फिरकी म्हणता ती. सुंदर असतं, पण दुचाकीवर असाल तर गळ्याला रुमाल गुंडाळा. नायलॉन मांज्यावर बंदी असली तरी तो कुठून तरी येतोच, आणि बगळे-घारी नंतर आठवडाभर झाडांना लटकलेले दिसतात.

सिडकोवाली

दादा, राजापूरकर, एक विचारू का? आम्ही आलो तर नेमकं काय केलं म्हणजे त्रास होणार नाही? म्हणजे यावं का नाही हेच कळेना आता.

राजापूरकर

या की ताई. येऊ नका असं कशाला म्हणू. गाडी डांबरावरून खाली उतरवू नका, वावरात पाय टाकू नका, आणि कुणी वस्तीवर दिसला तर राम राम करा, तोच सांगेल आज कळप कुठल्या अंगाला आहे. पोरांना हुरडा मिळेल, ज्वारी आहे यंदा थोडी.

आणखी एक काम करा. उन्हाळ्यात आलात आणि रस्त्याच्या कडेला किंवा बिनकठड्याच्या विहिरीत हरीण पडलेलं दिसलं तर १९२६ ला फोन लावा, वन खात्याचा आहे. स्वतः विहिरीत उतरू नका. एप्रिल-मेला पाण्यासाठी ती वस्तीपर्यंत येतात, विहिरीत पडतात, कुत्री मागं लागतात. पाणवठे भरतात टँकरनं, पण सगळ्या हरणांना ते कुठे आहेत हे माहीत नसतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीतून एक पाडस काढलं. रात्रभर पाण्यातल्या दगडावर उभं होतं. बाजेला दोर बांधून खाली सोडली, तर तिच्यावर चढेना. शेवटी धाकटा उतरला, पोटाखाली गोणपाट घालून वर घेतलं. वर आल्यावर पळालं नाही, तिथेच थरथरत उभं. आई पलीकडच्या बांधावरून बघत होती, ती हलली तेव्हा हे गेलं.

तेच असेल हरभऱ्यात कुठे तरी आता.

उगाच_एक

बाज आणि गोणपाट. कमाल.

गोदाकाठी

राजापूरकर दादा, हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. पाडसाचं दोनदा वाचायला लावलं. आता त्यांनी शेजारपाजारच्या जुन्या साड्या गोळा करायला घेतल्या आहेत, तुमच्याकडे पाठवायच्या म्हणून. गाठोड्यात आतापर्यंत चौदा आहेत, बहुतेक नायलॉनच्या. पुढच्या महिन्यात परत येतोय, आणू का?

राजापूरकर

आईंना नमस्कार सांगा. आणा, पण नायलॉन नको. तुम्हीच लिहिलंय ना पाय अडकल्याचं. सुती असली तर झटक्याला फाटते, जनावर सुटतं. माझ्याही नायलॉनच्याच आहेत, मिळतील तशा लावल्या होत्या. बदलायच्या आहेत.

गोदाकाठी

सांगितलं. सुती जुन्या गोधडीला लागतात म्हणाल्या. सहा काढून ठेवल्यात, दोनवर अजून चर्चा चालू आहे.